लाख, राळ आणि वज्रलेप

(१) प्रयोजन

खनिज तेलापासून केलेलें प्लॅस्टिक मातींत कुजत नाहीं, जाळल्यास अपायकारक धूर सोडतें, आणि त्याचे बारीक कण नदीसमुद्रांत सांचत जातात. ह्या कारणास्तव वनस्पतिज व प्राणिज द्रव्यांपासून त्याच कामाचा पदार्थ करतां येईल काय, ह्याचा शोध सध्यां जगभर चालू आहे. मका, ऊंस, लांकडाचा भुसा, दुधांतील केसीन, काजूच्या टरफलांतील तेल, अशा अनेक द्रव्यांवर प्रयोग होत आहेत. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत हा विषय कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ह्या विद्येचा जुना भाग आपल्या पोथ्यांत, बाडांत व शस्त्रसंग्रहांत पडून आहे, आणि तो ओळखून जपण्याचें काम आपणा संग्राहकांचें आहे.

उष्णतेनें मऊ होऊन साच्याचा आकार घेणारें व निवाल्यावर तो आकार टिकविणारें द्रव्य, अशी प्लॅस्टिकची ढोबळ व्याख्या केली, तर लाख हें द्रव्य तींत पूर्णपणें बसतें. राळ, डिंक, सरस, बिब्ब्याचें तेल हीं त्याचीं भावंडें होत. प्रस्तुत लेखांत आम्ही दोन गोष्टी दाखवूं इच्छितों. पहिली ही कीं, आपल्या पूर्वजांस ह्या द्रव्यांचे गुणधर्म ठाऊक होते, इतकेंच नव्हे, तर एकाचा दोष दुसऱ्यानें भरून काढण्याची रीतिही ठाऊक होती. दुसरी ही कीं, लाख मागें पडली ती ज्या कारणांनीं, तीं कारणें नीट समजल्याखेरीज ती पुन्हां पुढें कशी आणावी हें समजणार नाहीं.

(२) नामविचार व व्याकरणाची साक्ष

अमरकोशांत लाक्षा, राक्षा, जतु, याव, अलक्त आणि द्रुमामय अशीं लाखेचीं नांवें एकत्र दिलीं आहेत. द्रुमामय म्हणजे झाडाचा रोग. फांदीवर चढलेलें खरबरीत कवच पाहून हें नांव पडलें असावें. आणि तें कवच करणारे कीटक फांदीचा रस शोषूनच जगत असल्यामुळें हें नांव अगदींच अयोग्य नाहीं. जतु हा शब्द फार प्राचीन आहे. लॅटिन भाषेंतील डांबरवाचक 'बिट्युमेन' हा शब्द त्याचा सगोत्र होय, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. झाडांतून किंवा भूमींतून पाझरणाऱ्या चिकट द्रव्यास ह्या भाषाकुलांत पूर्वींपासून एक सामान्य नांव होतें, असें यावरून दिसतें.

अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांतील पांचवें सूक्त लाक्षेस उद्देशून आहे. तेथें ती जखम भरून काढणारी औषधि म्हणून येते, आणि प्लक्ष, अश्वत्थ, खदिर, धव, न्यग्रोध, पर्ण ह्या वृक्षांशीं तिचा संबंध सांगितला आहे. यांपैकीं अश्वत्थ म्हणजे पिंपळ व पर्ण म्हणजे पळस. ह्या दोन्ही झाडांवर लाखेचे कीटक आजही राहतात, व पळस हें तर लाखेच्या लागवडीचें एक मुख्य झाड आहे. सूक्तकाराचें निरीक्षण वनांतलें आहे हें उघड आहे.

ह्याहूनही नेमकी साक्ष पाणिनीची आहे. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांत लाखेविषयीं दोन सूत्रें आहेत. एका सूत्रानें लाखेनें रंगविलेल्या वस्त्रास 'लाक्षिक' असें विशेषण सिद्ध होतें. दुसऱ्यानें जतूच्या विकारास, म्हणजे लाखेपासून घडविलेल्या वस्तूस, 'जातुष' म्हणतात. रंग आणि घडणीचें द्रव्य ह्या लाखेच्या दोन उपयोगांस भाषेंत दोन निराळीं विशेषणें रूढ होतीं, असें ह्यावरून ठरतें. पुढें एकोणिसाव्या शतकांत युरोपीय व्यापाऱ्यांनींही लाखेचा रंग व लाखेची राळ असे दोन निराळे माल मानले. कृत्रिम रंग निघाल्यावर पहिला माल बुडाला व दुसरा वाढला. 'जातुष' हा शब्द मात्र आपण विसरलों. आजच्या निसर्गज प्लॅस्टिकला संस्कृत नांव हवें असल्यास तें घडविण्याची गरज नाहीं. तें पाणिनीपाशीं तयार आहे.

(३) लाख कशी होते

लाख ही एका सूक्ष्म कीटकाच्या मादीच्या अंगांतून पाझरणारी राळ आहे. नुकतेच बाहेर पडलेले किडे डोळ्यांस लाल धुळीसारखे दिसतात. ते कोवळ्या फांदीवर पसरतात, सोंड सालींत रुतवितात आणि रस शोषूं लागतात. मादी एकदां बसली कीं पुन्हां जागा सोडीत नाहीं. तिच्या अंगाभोंवतीं राळेचें कवच वाढत जातें, शेजारच्या मादीच्या कवचास मिळतें, आणि सर्व मिळून फांदीवर जाड थर होतो.

गोव्यांत राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें इ. स. १५६३ मध्यें गोवें येथें छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत लाखेवर स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. लाख मुंग्या करतात, असें त्यानें दिलें. खऱ्या कीटकाचें शास्त्रीय वर्णन जेम्स कर यानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत इ. स. १७८१ मध्यें प्रसिद्ध केलें, व त्याच्याच नांवावरून त्या कीटकास 'केरिया लॅक्का' हें नांव आज चालू आहे.

लाखेचे दोन वाण मानतात. पळस व बोर यांवरील तो रंगीनी. कोशिंबावरील तो कुसुमी. प्रत्येकाचीं वर्षांत दोन पिकें निघतात. रंगीनीचीं वैशाखी व कार्तिकी, कुसुमीचीं जेठी व अगहनी. उत्तरेकडे महिन्यांच्या नांवांवरून पडलेलीं हीं नांवें बाजारांतही तशींच चालतात. कोशिंबाची लाख रंगानें फिकी व गुणानें सरस समजतात.

तोडलेल्या फांदीवरची लाख खरवडून, कुटून, पाण्यांत चोळून धुतली कीं तांबडा रंग पाण्यांत उतरतो व दाणेदार लाख उरते. ते दाणे लांब, अरुंद कापडी पिशवींत भरून कोळशाच्या आंचेसमोर धरतात व पिशवी पिळत जातात. वितळलेली राळ कापडांतून बाहेर येते, मळ आंत राहतो. ती राळ ऊन असतांनाच ताणून पातळ पत्रा करतात. तो निवाल्यावर मोडून त्याच्या पापुद्र्यांस चपडा म्हणतात. इंग्रजींतील 'शेलॅक' तो हाच. काडीवरच्या कच्च्या लाखेंत सुमारें दोनतृतीयांश राळ, शेंकडा पांचसहा मेण व शेंकडा एकदोन रंग असतो. बाकीचा भाग साल, माती व कीटकांचीं शरीरें यांचा.

(४) जतुगृह

महाभारताच्या आदिपर्वांत वारणावतास पुरोचनानें बांधलेल्या घराची कथा सर्वांस ठाऊक आहे. येथें तिचा रासायनिक भाग तेवढा पाहूं. घरासाठीं सांगितलेल्या द्रव्यांत शण म्हणजे ताग, सर्जरस म्हणजे राळ, तूप, तेल आणि लाख यांचा उल्लेख असून, हीं स्निग्ध द्रव्यें मातींत मिसळून भिंतींस लेप द्यावा असें सांगितलें आहे. युधिष्ठिरास संशय आला तो तुपालाखेच्या वासावरून.

कवि येथें कारागिराची कृति सांगत आहे, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. त्यास आग भडकविणारीं द्रव्यें हवीं होतीं. तथापि, ताग हा तंतु, राळ व लाख हीं बांधणारीं द्रव्यें, आणि माती हा भर, हा संच लक्षांत घेण्याजोगा आहे. आज मोटारींच्या व घरांच्या सामानासाठीं तागाचे तंतु राळेंत बसवून जे पत्रे करतात, त्यांतही तंतु, बंधक व भर हींच तीन अंगें असतात. शिवाय ही कथा एक इशाराही देते. निसर्गज राळ चटकन् पेट घेते. वनस्पतींतील तंतूपासून केलेल्या सेल्युलॉइडच्या बाबतींत हा अनुभव पुण्यासही आला. इ. स. २००३ च्या जानेवारींत तेथें लागलेल्या आगींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट जातीच्या जुन्या चित्रफितींचा मोठा ठेवा नष्ट झाला.

(५) लेखकाची पक्की शाई

आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा भाग आतां येतो. पंडित गौरीशंकर हीराचंद ओझा यांनीं 'भारतीय प्राचीन लिपिमाला' ह्या ग्रंथाच्या इ. स. १९१८ च्या आवृत्तींत शाईचे दोन प्रकार सांगितले आहेत. कच्ची शाई डिंकाची. ती पावसाळ्याच्या दमट हवेंत पसरते. पक्की शाई लाखेची. पोथ्या लिहिण्यास हीच वापरावयाची. तिची कृति थोडक्यांत अशी. पिंपळावरची लाख वांटून मातीच्या हांडींत पाण्याबरोबर चुलीवर ठेवावी. तींत टंकणखार व लोध्र यांची पूड घालावी. लाखेचा रस पाण्यांत इतका उतरावा कीं, कागदावर ओढलेली रेघ गडद तांबडी उमटावी. मग तो गाळून घ्यावा. ह्यास अळिता म्हणतात. तिळाच्या तेलाच्या दिव्याचें काजळ तलम कापडाच्या पुरचुंडींत बांधून ती ह्या रसांत, काळीं अक्षरें उठूं लागेपर्यंत, फिरवीत जावी.

ह्या कृतींत टंकणखार कशास, हा खरा प्रश्न आहे. लाखेची राळ पाण्यांत विरघळत नाहीं. नुसत्या पाण्यांत कितीही उकळली तरी केवळ रंग सुटेल आणि राळ तळाशीं गोळा होईल. परंतु राळ ही आम्लधर्मी असल्यामुळें क्षारयुक्त पाण्यांत ती विरघळते. टंकणखार हा सौम्य क्षार असून कागदास फारसा उपद्रव न देतां राळेस पाण्यांत उतरवितो. लोध्राची साल रंगाऱ्यांच्या उपयोगाची आहे. तिच्या अंगीं तुरटीप्रमाणें रंग धरून ठेवण्याचा गुण आहे. शाई वाळली म्हणजे काजळाचा प्रत्येक कण राळेच्या पातळ पापुद्र्यांत अडकून बसतो, आणि तो पापुद्रा साध्या पाण्यास दाद देत नाहीं. चित्रकारांसाठीं विलायतेंत 'इंडियन इंक' ह्या नांवानें पाण्यानें न पुसणारी जी काळी शाई करीत, तींतही काजळ, शेलॅक व टंकणखार हींच द्रव्यें असत.

खनिज तेलाचे द्रावक न वापरतां केवळ पाण्यांत राळ उतरवावी, लेप द्यावा आणि वाळल्यावर तो पाण्यास अभेद्य व्हावा, हा आजच्या लेपशास्त्राचा मोठा प्रश्न आहे. लेखकवर्गानें तो आपल्यापुरता सोडविला होता.

(६) वराहमिहिराचा वज्रलेप

सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपलक्षण नांवाचा एक लहानसा अध्याय आहे. देवालयें, वाडे, मूर्ति, भिंती व विहिरी यांस द्यावयाच्या लेपांच्या कृति त्यांत आहेत. पहिल्या कृतींत कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें, साळईचें बीं, धामणीची साल व वेखंड हीं पाण्यांत उकळून, पाणी अष्टमांश उरेपर्यंत आटवावीं, असें सांगितलें आहे. मग त्या काढ्यांत सरल वृक्षाची राळ, बोळ, गुग्गुळ, बिब्बा, कुंदुरु, सर्जरस, जवस व बेल यांचा कल्क घालून लेप गरम असतांनाच लावावयाचा.

ही यादी पाहून ती वैद्याच्या काढ्यासारखी वाटेल. परंतु तिची रचना विचारपूर्वक केलेली आहे. कच्चें टेंभुर्णीचें फळ व कवठ हीं अतिशय तुरट. तुरट रस म्हणजे टॅनिन. त्याच जातीच्या फळाचा चीक बंगालकडे नावांच्या फटी व मासेमारीचीं जाळीं यांस लावीत, कारण तो वाळला म्हणजे पाण्यांत सुटत नाहीं. सरल, गुग्गुळ, कुंदुरु व सर्जरस ह्या राळा. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन आपोआप घट्ट होतें. ह्याच गुणावर फ्रेडरिक वॉल्टन यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिनोलियम नांवाची जमिनीवर घालावयाची चादर काढली, व ती आजही होते. राहिला बिब्बा. त्याच्या टरफलांतील काळें तेल त्वचेस जाळतें व परटाच्या खुणेसारखें कपड्यावर कायमचें बसतें, कारण त्यांत फेनॉलवर्गांतील द्रव्यें आहेत. पुढें येणाऱ्या बेकेलाइटचा पायाही फेनॉल हाच आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसऱ्या कृतींत लाख मुख्य असून तिच्याबरोबर कुंदुरु, गुग्गुळ, घरांतील जळमटाची काजळी, कवठ, बेलाचा गर, मंजिष्ठ, सर्जरस इत्यादि द्रव्यें आहेत. तिसरी कृति प्राणिज आहे. गाय, म्हैस व बोकड यांचीं शिंगें, गाढवाचे केस व म्हशीचें चामडें हीं कडुनिंब व कवठ यांच्या रसाबरोबर वापरावीं, असें तींत सांगितलें आहे. चौथी धातूंची, ती मयानें सांगितलेली. हे लेप कोटि वर्षें टिकतात अशी ग्रंथकाराची फलश्रुति आहे. ती फलश्रुति म्हणूनच वाचावी.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांतही वज्रलेप येतो. परंतु तेथें तो म्हशीचें चामडें लोण्यासारखें मऊ होईपर्यंत शिजवून केलेला सरस आहे. त्याच्या कांड्या करून वाळवितात व चित्राची भिंत तयार करतांना त्या पुन्हां पातळ करून वापरतात. म्हणजे एकच नांव एका ग्रंथांत मुख्यतः राळेच्या लेपास व दुसऱ्यांत सरसास आहे. एखाद्या हस्तलिखितांत वज्रलेप शब्द दिसला, तर कोणता वज्रलेप हें द्रव्यांची यादी पाहूनच ठरवावें. नांवावर भिस्त ठेवून आजचे प्रयोग केले तर ते फसतील.

(७) संग्रहांतील जातुष वस्तु

आपल्या संग्रहांत लाख किती ठिकाणीं दडलेली असते, ह्याचा थोडा विचार करूं.

तरवारीचें पातें मुठींत बसविलेलें असतें तें बहुधा लाखेनें. मुठीच्या पोकळींत लाखेची भुकटी भरून पात्याचें तापविलेलें टोक आंत सारीत. लाख वितळून सर्व फटी भरी व निवतांच घट्ट होई. पातें बदलावयाचें झाल्यास मूठ तापविली कीं काम झालें. जोडणी पक्की असावी, पण मोडल्याखेरीज सोडवितांही यावी, हा गुण आजच्या यंत्रवस्तूंत शोधूनही सांपडत नाहीं.

पोकळ मण्यांच्या दागिन्यांत सोनार लाख भरतो, त्यामुळें पातळ पत्रा चेपत नाहीं. सावंतवाडीच्या गंजिफांत कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवून, त्यांवर रंगकाम करून, शेवटीं लाखेचा लेप देतात. कागद, खळ आणि लाख ह्या तिन्ही वस्तु झाडाच्या आधारानें होणाऱ्या, आणि तिन्ही मिळून झालेलें पान हातांत खेळविण्याइतकें चिवट. सावंतवाडीच्या व इतर कातारी कामांत फिरणाऱ्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनेंच लाख वितळून लांकडास बसते, निराळी भट्टी लागत नाहीं. अबुल फजलाच्या ऐन-इ-अकबरींतही रंगीत चिकांसाठीं लाखेंत तांबड्यासाठीं हिंगूळ व पिवळ्यासाठीं हरताळ मिसळण्याचें प्रमाण दिलें आहे.

शेवटीं लखोटा. मोहोर केलेल्या पत्रास हें नांव लाखेवरूनच पडलें, असें मानतात. मराठी कागदांवरील मुद्रा व मोर्तब शाईचीं असतात; लाख असते ती बंद पत्रावर किंवा खलित्याच्या थैलीच्या दोऱ्यावर. तेथें लाखेच्या ठिसूळपणाचाच उपयोग केला आहे. मोहोर वांकवून उघडतां येत नाहीं. ती फुटते, आणि फुटली हें दिसतें.

(८) लाख मागें कां पडली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत सॅम्युएल पेक यानें शेलॅक व लांकडाची पूड एकत्र करून तापलेल्या साच्यांत दाबून छायाचित्रांच्या पेट्या करण्यास आरंभ केला. त्याचें पेटंट इ. स. १८५४ चें आहे. १८९० नंतरच्या दशकांत एमिल बर्लिनर याच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही शेलॅकच्या होऊं लागल्या. तबकडींत शेलॅकचा भाग बहुधा चतुर्थांश ते तृतीयांश असे. बाकी दगडाची पूड, काजळी व थोडे कापसाचे तंतु. इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहर जान यांचें गायन मुद्रित झालें, तेव्हां त्या तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें दाबून इकडे परत आल्या. आपल्या रानांतील लाख बाहेर जाऊन आपलेंच गाणें घेऊन परत येत होती. बालगंधर्वांचीं पदें घरोघर पोंचलीं तीं ह्याच द्रव्यावर कोरलेलीं.

विजेच्या कामासाठीं लाखेची मागणी वाढली, भाव चढले, आणि पुरवठा मात्र कीटकांच्या पिकावर अवलंबून राहिला. उन्हाळा कडक झाला किंवा थंडी अवेळीं पडली कीं पीक बुडे. चपड्यांत स्वस्त राळ मिसळण्याची लबाडीही चाले. तेव्हां लिओ बेकलंड यानें लाखेस पर्याय शोधतां शोधतां इ. स. १९०७ मध्यें फेनॉल व फॉर्मालडिहाइड यांपासून बेकेलाइट केलें. तें एकदां घट्ट झालें कीं उष्णतेनें पुन्हां मऊ होत नव्हतें, आणि कारखान्यांत हवें तितकें करतां येत होतें. त्याच सुमारास जर्मनींत दुधांतील केसीन फॉर्मालडिहाइडनें घट्ट करून 'गॅलॅलिथ' काढलें गेलें. त्याच्या गुंड्या व कंगवे पुष्कळ दिवस चालले. पुढें खनिज तेलाचें प्लॅस्टिक स्वस्त झालें. विनाइलची दीर्घवादी तबकडी इ. स. १९४८ मध्यें बाजारांत आली, आणि इ. स. १९७० च्या सुमारास आपल्याकडेही शेलॅकच्या तबकड्या बंद पडल्या.

तात्पर्य, लाख हरली ती तीन कारणांनीं : पीक अनिश्चित, माल एकसारखा नाहीं, आणि उन्हांत नरम पडण्याचा स्वभाव. यांतील पहिल्या दोहोंवर उपाय काढण्यासाठीं इ. स. १९२४ मध्यें रांचीजवळ नामकुम येथें लाखसंशोधनाची संस्था निघाली. ती पुढें निसर्गज राळ व डिंक यांची संस्था झाली व इ. स. २०२२ पासून राष्ट्रीय द्वितीयक कृषि संस्थान ह्या नांवानें चालते.

(९) आजचा विचार

लाख आजही औषधांच्या गोळ्यांवर, फळांवर व मिठाईवर लेपाच्या रूपानें वापरतात. युरोपांतील शास्त्रज्ञांनीं इ. स. २०१३ मध्यें शेलॅकच्या पत्र्यावर विजेचे सूक्ष्म घटक बसविल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. काम संपल्यावर कुजून जाणारीं उपकरणें करतां यावीं हा त्यांतील हेतु. लाखेस दीर्घकाल उष्णता दिली तर तिचे अणुसमूह एकमेकांस गुंफले जाऊन ती न वितळणारी होते. म्हणजे तिसऱ्या दोषावरील उपाय तिच्याच अंगीं आहे, मात्र तसें केल्यानें पुन्हां वितळविण्याचा गुण जातो.

वराहमिहिराच्या बिब्ब्याचाही धागा तुटलेला नाहीं. बिब्बा व काजू एकाच कुलांतील. पोर्तुगिजांनीं सोळाव्या शतकांत आणलेला काजू कोंकण व गोमंतक येथें रुजला. त्याच्या टरफलांतील तेल तापविलें म्हणजे कार्डेनॉल नांवाचें फेनॉलवर्गीय द्रव्य मिळतें, आणि त्यापासून बेकेलाइटसारखी राळ होते. मोटारींच्या ब्रेकांच्या अस्तरांत ती बरीच वर्षें वापरांत आहे. खाण्याजोगा गर काढल्यावर उरणाऱ्या टरफलापासून हें मिळत असल्यानें त्यासाठीं निराळी जमीन लागत नाहीं.

तथापि निसर्गज म्हणजे निर्दोष, असा समज करून घेऊं नये. बिब्ब्याचें तेल अंगावर फोड आणतें. केसीन घट्ट करणारें फॉर्मालडिहाइड विषारी आहे. लाखेसाठीं झाड राखावें लागतें. रान तुटलें कीं कीटकही गेला. झारखंड, छत्तीसगड व आपल्याकडे गोंदियाच्या बाजूस लाखेचा धंदा टिकला आहे तो पळस व कोशिंब उभे आहेत म्हणूनच.

(१०) संग्राहकांस विनंति

वरील विवेचनांत आम्ही ज्या कृति दिल्या त्या छापील ग्रंथांतील आहेत. परंतु कारागिरांच्या हातांतील कृति बहुधा बाडांच्या कोऱ्या पानांवर, पंचांगांच्या पाठीमागें व वैद्यकाच्या वह्यांत लिहिलेल्या असतात. पोथीची सूची करतांना अशा पानांस 'किरकोळ' म्हणून बाजूस टाकण्याची वहिवाट आहे. ती सोडावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे. कृति उतरून घेतांना मासा, टांक, तोळा, शेर हीं मापें मूळचींच ठेवावीं. द्रव्यांचीं नांवें सुधारूं नयेत. उकळण्याचा काळ व भांड्याचा प्रकार लिहिला असल्यास तोही घ्यावा. शाईच्या कृतींत टंकणखाराऐवजीं दुसरा क्षार असल्यास त्याची नोंद विशेष करावी. कोणत्या झाडावरची लाख सांगितली आहे, हेंही लिहावें.

दुसरी विनंति जतनाविषयीं. लाखेच्या मोहोरा, गंजिफा, कातीव डबे व जुन्या तबकड्या स्पिरिटनें पुसूं नयेत. स्पिरिटांत लाख विरघळते. साबणाचें किंवा सोड्याचें पाणी पक्क्या शाईच्या पानांस लावूं नये. ज्या क्षारानें राळ पाण्यांत उतरली तोच तिला पुन्हां सोडवितो. तरवारीची सैल मूठ आगीवर धरूं नये, पाण व सोन्याचें काम दोन्ही बिघडतात. फुटलेल्या मोहोरेचे तुकडे निरुपयोगी समजून टाकूं नयेत. त्यांतील मिश्रण हीच एक लिहिली न गेलेली कृति आहे, आणि आतां तिचें पृथक्करण करतां येतें.

पाण्याच्या डागानें खराब झालेल्या पोथींत डाग पसरलेला असूनही अक्षरें जेथें तीक्ष्ण राहिलीं असतील, तेथें पक्क्या शाईचा संभव आहे. अशीं पानें ज्यांच्या संग्रहांत असतील त्यांनीं पोथीचा काळ, लेखनस्थळ व लेखकाचें नांव यांसह ह्या त्रैमासिकाकडे कळवावें. दहापांच ठिकाणच्या नोंदी एकत्र झाल्या, तरी कोणत्या प्रांतांत व कोणत्या काळांत लाखेची शाई चालू होती हें मांडतां येईल, आणि राळेवर प्रयोग करणाऱ्यांस शेंकडों वर्षें कसोटीस उतरलेले नमुने दाखवितां येतील.